खुनी कोण, आणि ती मुलगी कोण?

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर एक मोटार अडवली गेली. मोटारीत अब्दुल कादर बावला हे धनिक व्यापारी होते आणि त्यांच्यासोबत मुमताज बेगम. मुमताज ही इंदूर दरबारची नर्तकी. महाराज तुकोजीराव होळकर यांच्या पदरी काही वर्षं काढून ती तिथून निसटली होती, आणि तिला परत न्यायला माणसं आली होती. झटापटीत बावलांना गोळ्या घातल्या गेल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे पोचले, त्यांनी हल्लेखोरांना तोंड दिलं, म्हणून ती वाचली.

पुढे मुंबई हायकोर्टात खटला उभा राहिला. आरोपींच्या यादीत फणसे, पोंडे, दिघे अशी आपल्या कानांना सवयीची आडनावं होती. फणश्यांच्या बचावाला बॅरिस्टर जीना होते. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, काहींना जन्मठेप. महाराज स्वतः पिंजऱ्यात कधी आले नाहीत, पण चौकशी आयोग की गादी असा प्रश्न समोर आल्यावर फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि यशवंतराव गादीवर बसले. इंदूर म्हणजे मराठी माणसाचं दूरचं माहेर. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा तिथे मराठी साहित्य संमेलनं भरली. त्या इंदूरचा राजा एका खुनामुळे पायउतार होतो म्हटल्यावर चर्चेला काय तोटा? खटल्याच्या त्याच वर्षी, १९२५ मध्ये, होमी मास्तरांनी या प्रकरणावर 'कुलीन कांता' नावाचा मूकपट काढला. अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, धवल कुलकर्णी यांनी यावर इंग्रजीत आख्खं पुस्तक लिहिलं.

या सगळ्या गदारोळात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला : हुकूम कुणाचा होता? पण त्याच खटल्यात मुमताज बेगमने आणखी एक गोष्ट सांगितली होती. इंदुरात आपल्याला मुलगी झाली होती, दायांनी ती मारून टाकली, आणि त्यानंतर इंदुरात राहायची आपली इच्छाच उरली नाही, असं ती म्हणाली. कोर्टाचा विषय बावलांचा खून होता, बाळ नव्हतं. त्यामुळे ते वाक्य साक्षीच्या कागदांत पडून राहिलं. आजही बावला खून खटला म्हटलं की लोकांना मोटार आठवते, गोल्फची काठी आठवते, जीना आठवतात, राजाचं सिंहासन आठवतं. ती मुलगी कुणाला आठवत नाही.

हे आठवायचं कारण किश्वर देसाई. त्यांच्या कादंबऱ्या वाचताना मला इंदूरचं ते बाळ राहून राहून दिसत होतं, आणि रहस्यकथेबद्दल बरेच दिवस मनात घोळत असलेली एक गोष्ट त्यामुळे लख्ख झाली. 'खुनी कोण?' हा रहस्यकथेचा नेहमीचा प्रश्न. पण 'जी गेली ती कोण होती?' असं जी रहस्यकथा विचारते, ती टिकते.

किश्वर देसाई आपल्याकडे, म्हणजे मराठी वाचकांत, फारशा माहीत नाहीत. जन्म १९५६ चा, अंबाल्याचा. पूर्वाश्रमीच्या किश्वर अहलुवालिया. सुरुवात वर्तमानपत्रातून, राजकीय बातमीदार म्हणून, 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये. मग दूरचित्रवाणी : निवेदन, कार्यक्रमांची निर्मिती, आणि शेवटी 'तारा पंजाबी' या वाहिनीच्या प्रमुख. वाचकांना 'तारा मराठी' आठवत असेल. २००० च्या आसपास रथिकांत बसूंनी प्रादेशिक भाषांतल्या वाहिन्यांचं जे जाळं उभारलं होतं, त्यातलीच ती पंजाबी बहीण. वीसेक वर्षं त्या या धंद्यात होत्या. मधल्या काळात त्यांनी मंटोवर एक नाटक लिहिलं. २००४ मध्ये अर्थतज्ज्ञ मेघनाद देसाई यांच्याशी लग्न केलं, २००७ मध्ये नर्गिस आणि सुनील दत्त यांच्यावर पुस्तक लिहिलं. आणि पन्नाशी ओलांडल्यावर, २०१० मध्ये, पहिली कादंबरी : 'विटनेस द नाइट'. त्या वर्षीचा पहिल्या कादंबरीसाठीचा कोस्टा पुरस्कार तिला मिळाला. इंग्लंडमधला हा नावाजलेला पुरस्कार, आणि मिळाला कशाला? जालंधरमध्ये घडणाऱ्या एका खुनाच्या गोष्टीला.

गोष्ट अशी. जालंधरच्या एका श्रीमंत घरात तेरा माणसं मेलेली सापडतात. घर पेटलेलं. जिवंत उरलेली एकच, चौदा वर्षांची दुर्गा. पोलिसांच्या लेखी प्रकरण सोपं आहे. जी उरली तिनेच केलं. अशा वेळी सिमरन सिंग नावाची एक बाई दिल्लीहून येते. वय पंचेचाळीस, लग्न न केलेली, सिगारेट ओढणारी, पगार न घेता समाजकार्य करणारी. ती पोलीस नाही, वकील नाही, खासगी गुप्तहेरही नाही. ती त्या मुलीशी बोलायला येते, एवढंच. मधूनमधून दुर्गाच्या स्वतःच्या शब्दांतली पानं येतात. हळूहळू आपल्याला दिसू लागतं की तेरा खुनांच्या आधी या घरात बरंच काही घडलेलं आहे, आणि ते कुठल्याही ठाण्यात नोंदलेलं नाही. या घरात मुली नको होत्या. शेवट सांगत नाही, वाचणाऱ्याचा हक्क हिरावून कशाला घ्या?

ही काल्पनिक गोष्ट आहे, पण हवेतली नाही. २००१ च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ७९८. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा १९९४ सालीच झाला होता. म्हणजे हजारामागे दोनशे मुलींची तूट पडली आणि खुनी कोण हे विचारायला ना मोटार होती ना गोल्फची काठी. दूरचित्रवाणीवर यावर अर्ध्या तासाचे कार्यक्रम झाले असतील. डॉक्टर, अधिकारी आणि समाजसेविका येऊन बोलून गेले असतील. पण ज्या जन्मल्याच नाहीत त्यांना स्टुडिओत कसं बोलावणार?

इथे मला त्यांच्या धंदाबदलाचं मर्म दिसतं. दूरचित्रवाणीचा निर्माता रोज एकच निवड करत असतो : कॅमेऱ्यासमोर कुणाला बसवायचं. जो बोलू शकतो, जो वेळेवर येतो, ज्याचं नाव आहे, तो बसतो. वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर कोण येत नाही, याचीही मनातल्या मनात एक यादी तयार झालेली असणार. किश्वर देसाईंच्या तिन्ही कादंबऱ्या मला त्या यादीतून आल्यासारख्या वाटतात. पहिलीत नको असलेल्या मुली. दुसरीत, 'ओरिजिन्स ऑफ लव्ह' (२०१२) मध्ये, पैसे घेऊन दुसऱ्याचं मूल पोटात वाढवणाऱ्या बायका आणि त्या व्यवहारात कुणाचीच न उरलेली एक तान्ही पोर. (भाड्याच्या गर्भाशयाचा हा व्यापार आपल्या देशात कायद्याने बंद व्हायला २०२१ साल उजाडलं.) तिसरीकडे मी येतोच, कारण ती आपल्या अंगणातली आहे.

दूरचित्रवाणीतून रहस्यकथेकडे वळलेल्या त्या काही एकट्या नव्हेत. अमेरिकेत स्टीफन कॅनेल होते. 'द रॉकफर्ड फाइल्स', 'द ए-टीम' अशा गाजलेल्या मालिका त्यांच्या नावावर. लहानपणापासून अक्षरं उलटसुलट दिसण्याचा त्रास असलेला हा माणूस मालिकांचा कारखाना चालवून १९९५ मध्ये 'द प्लॅन' घेऊन कादंबरीत उतरला आणि २०१० मध्ये मरेपर्यंत लिहीत राहिला. इंग्लंडमध्ये ली चाइल्ड मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये होता. १९९५ मध्ये नोकरी गेली, तेव्हा त्याने कागद-पेन्सिल आणली, आणि १९९७ मध्ये जॅक रीचरचा पहिला पराक्रम बाजारात आला. दोघेही वाचकाला पान उलटायला लावण्यात वस्ताद. प्रसंग कुठे तोडावा, जाहिरातीआधी प्रेक्षकाला कसं लटकत ठेवावं, हे ज्ञान त्यांनी पडद्यावरून पानावर आणलं.

पण त्यांचा नायक गावात येतो, चार जणांना लोळवतो आणि पुढच्या बसने निघून जातो. पुढच्या पुस्तकात नवं गाव, नवे गुंड. आपली 'सीआयडी' घ्या. १९९८ पासून वीस वर्षं सोनीवर चालली, मग २०२४ च्या अखेरीस परतली. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवतो, दया दरवाजा तोडतो, खुनी कबूल करतो. आम्ही घरात सगळे मिळून हे पाहिलंय आणि मजेने पाहिलंय, उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण मागच्या आठवड्यात जो मेला त्याचं नाव पुढच्या आठवड्यात एकाला तरी आठवतं का? त्याच्या बायकोचं काय झालं? पोराच्या शाळेचं काय झालं? मालिकेची रचनाच अशी असते की दर भागाला पाटी कोरी.

सिमरन सिंग मात्र निघून जात नाही. पहिल्या कादंबरीतली दुर्गा तिसऱ्या कादंबरीत तिची दत्तक मुलगी म्हणून तिच्यासोबत आहे. म्हणजे प्रकरण मिटलं तरी मुलगी उरली, आणि ती कुणीतरी वाढवायची आहे. आयुष्यभर भागांच्या हिशेबात काम केलेल्या बाईने नेमका हा हिशेब मोडला, याचं मला कौतुक वाटतं.

आता ती तिसरी कादंबरी : 'द सी ऑफ इनोसन्स', २०१३. ही गोव्यात घडते. सिमरन दुर्गाला घेऊन सुट्टीवर आलीय. तिच्या फोनवर एक चित्रफीत येते : एक ब्रिटिश पोरगी, लिझा के, आणि तिच्याभोवती काही पुरुष. पोरगी बेपत्ता आहे. एक ओळखीचा पोलीस अधिकारी सिमरनला गळ घालतो, जरा बघशील का?

हे वाचताना गोव्याच्या वाचकाला २००८ आठवणार नाही असं होणारच नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत हणजूणच्या किनाऱ्यावर एक पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी मेलेली सापडली. तिचं नाव जगभर छापून आलं, मी इथे पुन्हा छापत नाही. पोलिसांनी प्रथम बुडून मृत्यू म्हटलं. आई हटून बसली, दुसऱ्यांदा शवविच्छेदन झालं, अंगावर अनेक जखमा निघाल्या, मग तपास सीबीआयकडे गेला. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोघाही आरोपींना सोडलं. २०१९ मध्ये हायकोर्टाने त्यातल्या एकाला दोषी धरून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. म्हणजे वाहिन्यांचा निकाल चार दिवसांत, कादंबरी पाच वर्षांनी आणि कोर्टाचा निकाल अकरा वर्षांनी.

त्या वेळी आपण गोवेकर काय बोलत होतो ते आठवून पाहा. बसमध्ये, बाजारात, कचेरीत दोन प्रश्न सतत कानावर येत. एक, आई अशी कशी पोरीला सोडून गेली? दोन, आता पर्यटनाचं काय होणार? दोन्ही प्रश्न वावगे नव्हते. पण पंधरा वर्षांची ती पोर कोण होती, कशाला हसायची, हा प्रश्न मला फार कमी ऐकू आला. इंदुरात हुकूम कुणाचा हे विचारताना बाळ विसरलं गेलं, तसंच काहीसं.

मग कादंबरीने तो प्रश्न विचारला का? माझं मत सरळ सांगतो : अर्धामुर्धा. तिन्हींत मला हीच कादंबरी उणी वाटते. लिझाची आणि आपली पहिली भेट चित्रफितीत होते, आणि बराच काळ ती चित्रफितीतच राहते. बाई पुन्हा पडद्याकडे वळल्या की काय असं वाटतं. दुर्गाला तिचे स्वतःचे शब्द मिळाले होते, तसे लिझाला मिळत नाहीत. आणि गोवा? किनारा, शॅक, पार्ट्या, अमली पदार्थ, राजकारण्यांचे लागेबांधे. यातलं काही खोटं आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही, आपण सगळे इथेच राहतो. पण ही पाहुण्याची नजर आहे. पाहुणा आपल्या घरात येतो तेव्हा पडवीवर बसतो. त्याला चूल दिसत नाही, देवघर दिसत नाही, माजघरातली कुजबुज ऐकू जात नाही. पंजाब हा त्यांचा मुलूख, तिथल्या घरात त्या थेट आतल्या खोलीपर्यंत शिरल्या. गोव्यात त्या पडवीपर्यंतच पोचल्या.

यावर आपल्याकडे एक ठरलेली प्रतिक्रिया असते : बाहेरचे लोक गोव्याची बदनामी करतात. चित्रपट आला की हेच, मालिका आली की हेच. मला ही तक्रार हल्ली पटत नाही. पाहुण्याला पडवी दिसली यात त्याचा दोष काय? माजघर दाखवायचं काम घरातल्यांचं. ते आपण केलं का?

आता एक अवघड गोष्ट लिहितो. हणजूणची घटना २००८ ची. त्यानंतर वर्षभराने, २००९ मध्ये, शिरोड्याच्या एका माणसाला पोलिसांनी पकडलं. १९९४ पासून त्याने सोळा बायकांना मारलं असा त्याच्यावर आरोप ठेवला गेला. गरीब घरच्या, लग्नाचं वय झालेल्या किंवा उलटत चाललेल्या गोव्याच्याच मुली. लग्नाचं आमिष दाखवायचं, अंगावर दागिने घालून यायला सांगायचं, आणि तिच्याच ओढणीने गळा आवळायचा. काही खटल्यांत त्याला शिक्षा झाली, काहींत पुराव्याअभावी सुटला. वर्तमानपत्रांनी त्याला एक झटकदार इंग्रजी नाव दिलं, ते तुम्हा सर्वांना पाठ आहे. त्याचं खरं नावही पाठ आहे. त्या सोळाजणींपैकी एकीचं तरी नाव आठवतं का? मला विचाराल तर वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं काढून बसावं लागेल.

पंधरा वर्षं हे चाललं आणि कळलं नाही, हे कसं? काही घरांनी तक्रारच दिली नव्हती. मुलगी कुणाबरोबर तरी लग्न करून गेली, आता शोधायची म्हणजे अब्रू जायची. काही प्रेतं सापडली होती, पण ती कुणाची ते जुळलं नव्हतं. मी सरकारी कारकून आहे, नोंदवही हा माझा रोजचा विषय, म्हणून एवढं छातीठोक सांगू शकतो की एकदा एक गोष्ट चुकीच्या रकान्यात बसली की तिला तिथून उठवणं महाकर्मकठीण. बेपत्ता बाई एका वहीत, अनोळखी प्रेत दुसऱ्या वहीत. दोन वह्या शेजारी ठेवून पाहायला कुणाला तरी त्या बाईची आठवण यावी लागते. ब्रिटिश मुलीच्या मागे हटून बसलेली आई होती, जगभरचे कॅमेरे होते. आमच्या सोळाजणींच्या मागे कॅमेरे नव्हते, आणि त्यांच्या आयांना हटून बसायची सोय नव्हती. 'लोक काय म्हणतील' हे ठाण्याच्या पायरीपर्यंत त्यांच्या आधी जाऊन बसलेलं असे.

दूरचा पाहुणा लिझावर कादंबरी लिहून गेला. या सोळाजणींपैकी एखादीवर मराठीत कादंबरी लिहावी असं आपल्यापैकी कुणाला का वाटू नये? गोव्यात दरवर्षी मराठी कवितासंग्रह निघतात, नाट्यस्पर्धा होतात, गावोगाव जत्रेत रात्र रात्र नाटकं चालतात. लिहिणारे हात कमी आहेत असं नाही.

रहस्यकथा हलकी, असं आपण मानतो हे एक कारण. खरं तर मराठीत तिची परंपरा दांडगी. बाबुराव अर्नाळकरांनी धनंजय आणि काळा पहाड यांच्यावर किती पुस्तकं लिहिली याचा हिशेब ठेवणं कठीण. गुरुनाथ नाईक तर मूळ आपल्या गोव्याचे. 'गोलंदाज' काय, 'कॅप्टन दीप' काय, शेकड्यांनी पुस्तकं, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर टांगलेली आणि वाचनालयात फाटेस्तोवर फिरलेली. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा अनेकांनी हळहळून लिहिलं, पण 'बालपणी वाचायचो' या सुरात. जणू मोठं झाल्यावर ती वाचायची गोष्ट नव्हे. त्या पुस्तकांनी पिढ्यांना वाचायची गोडी लावली, हे ऋण मोठंच. फक्त त्यांतही प्रेत हे नायकाच्या पराक्रमाचं निमित्त असायचं. तिथून पुढचं पाऊल टाकायचं राहिलं. वाचकाला धरून ठेवायची विद्या आपल्याकडे आहे. ती आता त्या गेलेल्या मुलीकडे वळवायला हवी.

दुसरं कारण अधिक खरं आहे, आणि ते भीतीचं. गोवा लहान. कादंबरीतला तालुका ओळखू येतो, वाडा ओळखू येतो, घर ओळखू येतं. कुणाच्या घरावर लिहायचं म्हणजे उद्या तोच माणूस देवळात भेटणार. ही भीती मी समजू शकतो. शिवाय ज्या घरातली मुलगी गेली त्यांच्या जखमेवर आपण पुस्तक विकायचं का, हा प्रश्न कुणालाही पडावा, आणि पडलाच पाहिजे. १९२५ च्या मूकपटवाल्यांना तो पडला होता असं दिसत नाही. फाशीचे दोर थंड व्हायचे होते तोवर त्यांची तिकिटं विकून झाली.

पण याचं उत्तर कादंबरी या प्रकारातच आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्यात बळी पडलेल्या बाईचं नाव छापायला कायद्याने मनाई आहे, आणि ते योग्यच. वर्तमानपत्र तिला 'पीडिता' म्हणतं, फाईल तिला क्रमांक देते. दोन्हीकडे ती बिनचेहऱ्याची होते. कादंबरीकार तिला दुसरं नाव देऊ शकतो. दुसरं गाव, दुसरी बहीण, दुसरी आवडती भाजी. तिचं खरं नाव झाकून तिला पुन्हा माणूस करण्याची मुभा फक्त त्यालाच आहे. किश्वर देसाईंनी हजारोंच्या आकड्यातली एक उचलली आणि तिला दुर्गा म्हटलं. त्यामुळे कुठल्याच खऱ्या घराची अब्रू गेली नाही, आणि पंजाबातली प्रत्येक घराची आतली खोली मात्र उघडी पडली.

या तीन कादंबऱ्यांनंतर त्या रहस्यकथेत फार रमल्या नाहीत. २०१७ मध्ये अमृतसरच्या टाऊन हॉलमध्ये फाळणीचं संग्रहालय त्यांनी उभं केलं. तिथे पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा सीमा ओलांडताना साध्या माणसांनी बरोबर आणलेल्या वस्तू आणि त्यांच्या आठवणी यांना मान आहे. २०१८ मध्ये जालियनवाला बागेवर पुस्तक, २०२० मध्ये देविका राणीवर. वाहिनी, खुनाची कादंबरी, संग्रहालय : वरवर पाहता ही धरसोड वाटेल. मला ती एकच वाट वाटते. ज्यांची नोंद झाली नाही त्यांची नोंद करायची, आणि एक साधन अपुरं पडलं की दुसरं हाती घ्यायचं.

आपल्याला संग्रहालय बांधायला जमणार नाही. कादंबरी लिहायला कागद लागतो आणि धीर लागतो. कुणी तरुण लेखक-लेखिका हे वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे. गोव्याचा गुन्हा लिहा, मराठीत लिहा. किनाऱ्यापासून आत या. फोंड्याच्या, डिचोलीच्या, केप्याच्या एखाद्या घरात शिरा, जिथे लग्नासाठी जमवलेल्या दोन बांगड्या कपाटात आहेत आणि बाहेरगावचा एक 'चांगला मुलगा' भेटलाय म्हणून एक पस्तिशीची बाई बऱ्याच दिवसांनी आरशासमोर उभी आहे. खुनी कोण हे वाचकाला पहिल्या पानावर कळलं तरी चालेल. ती कोण होती हे मात्र शेवटच्या पानापर्यंत सांगत राहा.